फेकणाऱ्याच्या पुढे कुणी नाही

प्रमोदिनी हळबे यांना कॉलनीतले निम्मे लोक 'थाळीवाल्या अक्का' म्हणत, आणि उरलेले निम्मे तोंडावर काही म्हणत नसत. बनशंकरीच्या पुढे, शहराच्या पार टोकाला, जिथून तेव्हा बस वळून परत फिरायची, तिथे एका सरकारी कारखान्याची ही कॉलनी होती. घरं एका साच्यातली, फाटकांना एकच हिरवा रंग, आणि माणसांची उंची हुद्द्यावरून ठरलेली. हळदीकुंकवाला कुणाची बायको कुठल्या खुर्चीवर बसणार, तेही नवऱ्याच्या हुद्द्यावरच. वासुदेवराव हळबे डिझाइन विभागात होते, म्हणून प्रमोदिनीबाई मधल्या रांगेत बसत. वीस वर्षं त्या तिथेच बसत आल्या होत्या आणि त्यांना त्याचा मनापासून कंटाळा आला होता.

लग्नाआधी बेळगावात असताना त्या थाळीफेक करत. कॉलेजच्या मैदानावर चुन्याच्या गोलात गिरकी घेऊन त्यांनी थाळी सोडली की ती कुठवर जाते ते बघायला मुलंसुद्धा थांबायची. शिकवणारे सर भलते खडूस होते. "समोरचं मैदान रिकामं नसेल तर थाळी हातातच राहील, मग समोर खुद्द कुलगुरू का उभे असेनात," असं ते रोज बजावायचे. लग्नानंतर खेळ सुटला. सोड असं कुणी सांगितलं नव्हतं, पण चालू ठेव असंही कुणी म्हटलं नाही.

पंचाण्णव साली धाकटा दीर सुशांत कॅलिफोर्नियाहून सुट्टीवर आला, तो बॅगेत प्लॅस्टिकच्या सहा तबकड्या घेऊनच. मुलं मैदानात एकमेकांकडे उडवतात तसल्या त्या नव्हत्या. आकाराने लहान, हाताला जड, आणि त्यांतल्या लांब जाणाऱ्या तबकडीची कड तर इतकी धारदार की भाकरी कापावी. तिकडे या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात, असं सुशांतने सांगितलं. एका जागेवरून तबकडी फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि असं करत करत लांबच्या खांबावरच्या साखळ्यांत ती मारायची, की ती खालच्या टोपलीत पडते. सगळ्यांत कमी फेकींत जो टोपली गाठेल तो जिंकला. जन्मभर जास्त मार्कांच्या मागे धावलेल्या वासुदेवरावांना कमी आकडा मोठा, हे पचायला दोन दिवस लागले.

प्रमोदिनीबाईंना दोन मिनिटंही लागली नाहीत. कॉलनीमागच्या निलगिरीच्या बनात त्यांनी पहिली तबकडी सोडली आणि ती झाडांच्या मधून सरळ, जमिनीला समांतर जात राहिली. त्या बघतच राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं आणि दिरासमोर रडू नये म्हणून त्या लगबगीने तबकडी आणायला गेल्या.

सुशांत परत गेला, तबकड्या राहिल्या. राजाजीनगरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून प्रमोदिनीबाईंनी सायकलची रिम, पाण्याच्या पाइपाचा खांब आणि साखळ्या जोडून एक टोपली करून घेतली. बाकीच्या ठिकाणी झाडांच्या बुंध्यांना काव फासून लाल पट्टे ओढले. पट्ट्याला तबकडी लागली की ते ठिकाण पुरं झालं. आधी त्या एकट्याच खेळत. मग शेजारचे भीमाचार्य यायला लागले. ते मूळचे धारवाडचे, हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. पाठोपाठ श्वेता आली. पुण्याहून नोकरीला आलेली ही मुलगी संगणकाच्या कंपनीत होती आणि कॉलनीत मावशीकडे राहायची. वर्षभरात रविवारी सकाळी दहाबारा माणसं जमू लागली. मधल्या रांगेतल्या प्रमोदिनीबाई तिथे सगळ्यांच्या पुढे उभ्या राहून शिकवू लागल्या, आणि त्यांना ते फार आवडत होतं, हे कशाला लपवा!

मग एका रविवारी कुणाची तरी तबकडी कुंपण ओलांडून गेली आणि गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांवर उतरली. सांडगे होते हळदीकुंकवाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या बाईंचे. तक्रार झाली. आज सांडगे, उद्या कुणाचा डोळा, असं बोललं जाऊ लागलं. बनाला तारेचं कुंपण घालून कुलूप लावावं, असं ठरत आलं.

शेवटचा शब्द विश्वासरावांचा होता. ते कारखान्याचे जनरल मॅनेजर, वासुदेवरावांचे थेट साहेब. वासुदेवरावांची बढतीही त्या वर्षी त्यांच्याच हातात होती. माणूस वाईट नव्हता. "मी स्वतः येऊन बघतो," ते म्हणाले. "नवीन माणसांना तुम्ही कसं शिकवता ते दाखवा. मला पटलं तर रविवारची सकाळ तुमची."

आदल्या संध्याकाळी वासुदेवरावांनी बायकोला समोर बसवलं.

"अगं, एकच सांगतो. त्यांना कुणी काही सांगितलेलं खपत नाही. फक्त दाखव. शिकवायला जाऊ नकोस."

"खेळच शिकवायचा आहे ना पण?"

"बाकीच्यांना शिकव."

हा खेळ हातचा गेला तर पुन्हा हळदीकुंकवाची खुर्ची, एवढंच प्रमोदिनीबाईंच्या डोक्यात फिरत होतं.

रविवारी विश्वासराव वेळेवर आले. पांढरे बूट, डोक्यावर टोपी, हात पाठीमागे बांधलेले. पहिल्या झाडासमोर नवशिकी मंडळी गोळा झाली होती. प्रमोदिनीबाईंनी तबकडी हातात धरून दाखवली: अंगठा वर, बोटं खाली कडेला घट्ट, खांदा निशाणाकडे, अंग आडवं. हात छातीशी आणायचा आणि ओढून सोडायचा. जोर लावायचा नाही, मनगटाचा झटका पुरे. नाक, म्हणजे पुढची कड, वर झालं की तबकडी आभाळात जाते आणि तिथेच पडते, म्हणून ती सपाट सुटली पाहिजे.

"आणि एक नीट ध्यानात ठेवा," त्या म्हणाल्या. "आपल्यासारख्या उजव्या हाताने अशी फेकली की सुरुवातीला ती सरळ जाते, कधी उजवीकडेही जाते. पण वेग कमी झाला की शेवटी डावीकडे वळते. हमखास वळते. म्हणून जो टोपलीपासून सगळ्यांत लांब तो आधी फेकणार, आणि बाकी सगळे त्याच्या मागे. फेकणाऱ्याच्या पुढे कुणी नाही. हा पहिला नियम."

सगळ्यांनी माना डोलावल्या. विश्वासराव मात्र तेवढ्यात चालत पुढे गेले होते आणि लाल पट्टा निरखत झाडापाशी उभे होते. कारखान्यातही ते असेच फिरत. साहेब पुढे, त्यांच्या डाव्या खांद्यामागे अर्ध्या पावलावर विभागाचा माणूस, बाकीचे त्याच्या मागे. कुठलंही मशीन चालू असो, साहेब आले की ते थांबायचं. पुढे जाणं ही त्यांची सवय होती आणि त्यांना थांबवणं ही कुणाचीच नव्हती. वासुदेवरावही सवयीने निघाले आणि साहेबांच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले.

प्रमोदिनीबाईंनी तोंड उघडलं. लांबून वासुदेवरावांनी हलकेच मान हलवली. नको.

"थांबू या जरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "साहेब सरकले की फेका."

साहेब सरकले, पण दुसऱ्या झाडाकडे, म्हणजे आणखी पुढे. तिथेही मंडळी खोळंबली. एकीने बिचकत फेकली ती पायाशीच पडली. श्वेता प्रमोदिनीबाईंच्या कानाशी आली.

"काकू, रूल सगळ्यांना सेम आहे ना? मग ते पुढे का?"

"त्यांना राहू दे गं."

"पण मग मीपण जाऊ का पुढे? इथून काहीच दिसत नाहीये."

प्रमोदिनीबाईंनी मान फिरवली तर दोन बायका आधीच पुढे निघाल्या होत्या. एकीने साहेबांसाठी पाण्याची बाटली घेतली होती. बाई चमकल्या. एकाला सूट दिली की नियम कसा विरघळतो, ते त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. त्यांनी धावत जाऊन त्या दोघींना मागे आणलं. साहेबांना आणलं नाही.

तिसरं झाड एका वळणावर होतं. विश्वासराव त्याच्या डाव्या अंगाला उभे राहिले, शेजारी वासुदेवराव. पाळी भीमाचार्यांची होती. वर्षभर खेळूनही ते सोडताना डोळे मिटत.

"आचार्य, जरा थांबता का?"

"काळजी करू नका अक्का," ते म्हणाले. "मी पार उजवीकडं फेकतो. साहेबांच्या जवळसुद्धा जात नाही. सरी? चालेल ना?"

आणि त्या पुढे काही बोलायच्या आत त्यांनी फेकली.

तबकडी खरंच उजवीकडे गेली. झाडाच्या कितीतरी उजवीकडे. कुणीतरी "वा" म्हणालं. प्रमोदिनीबाईंना मात्र पुढे काय होणार ते माहीत होतं. वेग उतरला, तबकडीची डावी कड खाली झुकली आणि ती वळली.

"अहो! खाली बसा!" त्या ओरडल्या.

खाली कुणीच बसलं नाही. विश्वासराव बघत राहिले, आणि साहेब उभे असताना वासुदेवराव बसणार कसे! तबकडी दोघांच्या डोक्यांच्या मधून सुटली आणि मागच्या निलगिरीवर खाडकन आदळली. झाडाची साल उडाली.

मग विश्वासराव हसले, मोठ्याने, मोकळे हसले.

"कानाला वारा लागला हो, हळबे! मजा आहे ह्यात." ते प्रमोदिनीबाईंकडे वळले. "वहिनी, पटलं मला. उगाच बाऊ करतात लोक. उद्या सही करून टाकतो. रविवारची सकाळ तुमची."

टाळ्या पडल्या. भीमाचार्य देवाचं नाव घेत मटकन खाली बसले. श्वेताने प्रमोदिनीबाईंना मिठी मारली. त्या मात्र नवऱ्याकडे बघत होत्या. वासुदेवरावांनी चष्मा काढला होता आणि ते तो रुमालात धोतरासारखा पिळत होते. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या, पण हात थांबत नव्हता. तरी साहेबांनी वळून पाहिलं तसे ते हसले. ते हसणं बघून प्रमोदिनीबाईंना त्यांचा राग आला, आणि त्यांच्याहून जास्त स्वतःचा.

शेवटचं ठिकाण टोपलीचं. झाडांच्या दोन रांगांमधून लांबलचक मोकळी वाट होती आणि टोकाला राजाजीनगरच्या साखळ्या उन्हात चमकत होत्या.

"आता तुम्ही फेका वहिनी," विश्वासराव म्हणाले. "ऐकलंय फार तुमच्या हाताबद्दल. साखळीचा आवाज जवळून ऐकू दे."

आणि ते निघाले. वाटेच्या मधून, हात पाठीमागे बांधून, सरळ टोपलीपर्यंत. डाव्या खांद्यामागे अर्ध्या पावलावर वासुदेवराव. दोघे टोपलीच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि साहेबांनी हात वर केला. टाका.

प्रमोदिनीबाईंनी तबकडी धरली. लांब जाणारी, धारदार कडेची. एवढ्या अंतरावर तीच पोचली असती. झाडांच्या शेंड्यांवर पानं हलत होती, म्हणजे वर वारा होता. एक फेक, साखळ्यांचा आवाज, टाळ्या, आणि उद्या सही. त्यांच्या हाताला ते जमणारं होतं. दहातल्या नऊ वेळा जमलं असतं. दहावी वेळ कुठे उभी आहे तेही त्यांना दिसत होतं. तिने चष्मा लावला होता.

त्यांनी हात खाली घेतला.

"साहेब, मागे या."

आवाज नीट पोचला नसावा. विश्वासरावांनी पुन्हा हात हलवला.

"साहेब! फेकणाऱ्याच्या पुढे कुणी उभं राहायचं नाही. मागे या!"

वीस वर्षांत कॉलनीत कुणी साहेबांना 'मागे या' म्हटलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"अहो वहिनी, विश्वास आहे माझा तुमच्यावर! टाका बिनधास्त!"

"माझा नाही," त्या ओरडून म्हणाल्या. "मघाशीच सांगायला हवं होतं. पहिल्या झाडापाशीच. चुकलं माझं. तुम्ही मागे आल्याशिवाय मी फेकणार नाही."

विश्वासरावांचा चेहरा इतक्या लांबून दिसत नव्हता. पण ते हलले नाहीत, एवढं दिसत होतं. उंच, ताठ, टोपलीला खेटून उभे. ते जागा सोडेनात, ह्या बाई फेकेनात. भीमाचार्य पुटपुटले, "अक्का, बेड. नको. साहेब आहेत ते." श्वेताने नखं खायला सुरुवात केली. सही, बन, रविवार, सगळं त्या मोकळ्या वाटेत अडकून पडलं होतं आणि कुणालाच ते सोडवता येत नव्हतं.

मग वासुदेवराव निघाले. साहेबांच्या खांद्यामागून बाजूला झाले आणि वाटेच्या मधून बायकोच्या दिशेने चालत यायला लागले. मान खाली, पावलं जड. समजूत घालायला येताहेत, प्रमोदिनीबाईंना वाटलं. आता सगळ्यांसमोर बोलणार, म्हणणार, टाक एकदाची, माझ्यासाठी टाक. त्यांनी ओठ घट्ट मिटले. वासुदेवरावांनी असं म्हटलं असतं तर आपण काय केलं असतं, हे त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही.

वासुदेवराव जवळ आले. त्यांच्याकडे न बघता शेजारून पुढे गेले, आणि त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर जाऊन उभे राहिले. मग वळले.

"साहेब," त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी घसा खाकरला. "साहेब, तिथे उभं राहायचं नसतं."

विश्वासराव बनाच्या पलीकडच्या वाटेने, जिथे त्यांची गाडी उभी होती, तिकडे चालू लागले. नेहमीसारखेच पुढे. फक्त डाव्या खांद्यामागे त्या दिवशी कुणी नव्हतं.

प्रमोदिनीबाईंनी तबकडी पिशवीत टाकली. वाट आता रिकामी होती, पण फेकायची इच्छा उरली नव्हती.

सही झाली नाही. पंधरवड्यात बनाला काटेरी तार आली आणि फाटकाला कुलूप लागलं. त्या वर्षीची बढती दुसऱ्याला मिळाली. वासुदेवराव त्याबद्दल घरात अवाक्षर बोलले नाहीत, आणि प्रमोदिनीबाईंना ते न बोलणं बरेच दिवस टोचत राहिलं. एका रविवारी त्या उशिरा उठल्या, तर बाहेर वासुदेवराव लुनाच्या मागे टोपलीचा खांब दोरीने बांधत होते.

"जे. पी. नगरच्या पुढे एक माळ आहे," ते म्हणाले. "अजून प्लॉट पडले नाहीत. झाडं कमी आहेत, पण चालेल स्वल्प दिवस. चहा घे आणि चल."

मंडळी तिथे पुन्हा जमली. निम्मी आली नाहीत, पण नवी आली. वासुदेवराव स्वतः फारसे खेळत नसत. त्यांची तबकडी नाक वर करून जायची ती जायचीच. त्यांनी दुसरं काम पत्करलं. नवीन माणूस आला की ते बुटाच्या टाचेने मातीत रेघ ओढत आणि तबकडी हातात देण्याआधी त्याला रेघेमागे उभं करत. माणूस कोण आहे ते विचारत नसत.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत एका सकाळी माळाच्या कडेला रिक्षा थांबली. प्रमोदिनीबाई फेकायच्या तयारीत होत्या. रिक्षातून एक उंच म्हातारा उतरला. पांढरे बूट, टोपी, हात पाठीमागे. विश्वासराव निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. ते माळावरून चालत यायला लागले, सरळ, टोपलीच्या दिशेने.

प्रमोदिनीबाईंचा हात तिथेच थांबला. पुन्हा ओरडायचं त्यांच्या जिवावर आलं. मागे वासुदेवराव होते, त्यांच्याकडे वळून बघायचा धीर त्यांना झाला नाही.

विश्वासरावांनी तबकडी पाहिली. प्रमोदिनीबाईंना पाहिलं. मग त्यांनी वाट बदलली, मोठा वळसा घेतला आणि सगळ्यांच्या मागून येऊन रेघेपाशी थांबले. बुटांची टोकं रेघेच्या पुढे आली होती. त्यांनी खाली बघितलं.

"इथे चालेल का हो, हळबे?"

प्रमोदिनीबाईंच्या मागून नवऱ्याचा आवाज आला. या वेळी तो चिरकला नाही.

"अजून स्वल्प मागे, साहेब."